पावरहाउसातली खिरापत

७ सप्टेंबर, रविवार

डॉक्टरांनी मीठ बंद केलं आणि वाद बंद केला. मिठाच्या जागी रागिणीनं कसलंसं गुलाबी मीठ आणलंय. वादाच्या जागी ही वही. "जे लोकांना तोंडावर बोलावंसं वाटतं ते लिहून काढत जा," असं डॉक्टर म्हणाले. मी कित्येक वर्षं दर बुधवारी तेच पेपरात लिहितो आणि वर मानधन घेतो, हे त्यांच्या कानावर नसावं. ते इंग्रजी पेपर घेतात.

आजची बातमी अशी की रागिणीचं काम अकोल्याच्या संग्रहालयानं निवडलं. रागिणी ही माझी बायको. उभी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात घालवून एप्रिलमध्ये घरी बसली. मुलगा हैदराबादेत, त्यामुळे घरी बसून पाहायला तिला मीच. आणि संग्रहालय म्हणजे बाळापूर रस्त्यावरचं जुनं वीजघर. बंद पडल्यावर इतकी वर्षं त्यात कबुतरं होती. आता कुण्या ट्रस्टनं निम्मं वीजघर तसंच ठेवून, निम्म्याला काचेची नवी इमारत चिकटवून समकालीन कलेचं संग्रहालय काढलंय. अख्खं वऱ्हाड त्याला पावरहाउसच म्हणतं. कबुतरांचं काय केलं ते कळलं नाही.

"समकालीन म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"ज्याला अजून कोणी चांगलं म्हटलेलं नाही ते," ती म्हणाली.

उत्तर वाईट नव्हतं. सदरात वापरीन.

तिच्या कामाचं सांगायचं तर ते भुलाबाईवर आहे. आजपासूनच भुलाबाई बसते. पोरी कोजागरीपर्यंत घरोघर जाऊन गाणी म्हणतात, मग खिरापत. पण खिरापत सरळ हातावर पडत नाही. घरची बाई झाकणाचा डबा आणून वाजवते आणि आत काय ते पोरींनी ओळखायचं. गोड का तिखट, गोल का लांब, असे प्रश्न विचारायचे. नाहीच आलं तर "हरलो" म्हणायचं. मग झाकण उघडतं आणि हरलेल्यांनाही खायला मिळतं. इतका दयाळू खेळ दुसरा पाहिला नाही.

रागिणी बॉयलरच्या खोलीत फळ्यांवर स्टीलचे डबे मांडणार. प्रत्येक डबा एकेका बाईनं भरायचा, मनाला येईल ते टाकायचं, झाकण लावायचं, कोणाला सांगायचं नाही. बघायला आलेल्यांनी वाजवायचे, आत काय असेल त्याचा विचार करायचा.

"आणि उघडायचे कधी?"

"उघडायचे नाहीत."

"मग कळणार कसं?"

"नाही कळणार," ती म्हणाली आणि पोळी उलटली.

निवडलेल्या पाच जणांपैकी एकाला ट्रस्ट वर्षभर तिथंच राहून काम करायला देणार आहे. राहायला साहेबलोकांच्या जुन्या क्वार्टरपैकी एक. दोन खोल्या, स्वयंपाकघर. हे तिनं पुढची पोळी लाटताना सांगितलं. एक वर्ष. मी म्हटलं, तिथं डास असतील. ती म्हणाली, असतील.

११ सप्टेंबर

वलगावला, सासुरवाडीला. चारी बाजूंना झेंडू, दसऱ्याच्या बेतानं लावलेला. सासूबाई म्हणजे पार्वताबाई बांधावर बसून शेवंतीच्या कळ्या खुडत होत्या आणि गल्लीतल्या बाया रागिणीकडून एकेक डबा घेऊन पदराखाली झाकून घरी नेत होत्या. जणू औषध नेताहेत. सुंदराबाई नावाची शेजारीण तर म्हणाली, "रागिणी, वापस मिळंन ना डबा? चांगल्या पत्र्याचा दिसून राह्यला."

मी म्हटलं, एक डबा मलाही द्या.

"तुमाले कायले, जवाईबापू?" सासूबाई म्हणाल्या. "तुमी तं दर बुधवारी पेपरात झाकन उघडून बसता. तुमच्या आत काही रायते काय?"

बाया हसल्या. मीही हसलो. सासूबाईंचा चौथीनंतर शाळेशी संबंध आला नाही, तरी त्या माझ्या सदराच्या नियमित वाचक आहेत. म्हणजे मोठ्यानं वाचून घेतात आणि मग नापसंत करतात.

परत येताना मी रागिणीला विचारलं, तुझाही एक डबा आहे का त्यात? ती म्हणाली, "सगळ्या बायांचे आहेत." मी तिला मागच्या बुधवारच्या सदरातला नगरपालिकेवरचा विनोद सांगायला घेतला. तिला तो माहीत होता.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

डबे पोचवायला अमरावतीहून अकोल्याला गेलो, त्या निमित्तानं पावरहाउस पाहून झालं. अजून उघडायचं आहे, पण कलाकाराच्या नवऱ्याला आत सोडतात.

प्रामाणिकपणे सांगायचं तर इमारत मोठी आहे. आत शिरल्यावर टोपी नसताना टोपी काढावीशी वाटते, इतकी. वर दोन मजले उंच खिडक्या, खाली जनित्र बसवायचे चौथरे, क्रेनची लोखंडी तुळई. असल्या जागेत काहीही ठेवलं तरी ते लहानच दिसणार, आणि जे ठेवलंय ते मुळातच लहान आहे. एके ठिकाणी कोळशाचा ढीग. मला वाटलं साफसफाई राहिली. ती कलाकृती निघाली. एका पडद्यावर एक माणूस कांदा सोलतोय. मी पाच मिनिटं थांबलो, कांदा संपला नाही. मधल्या हॉलमध्ये छताला प्लास्टिकच्या खुर्च्या टांगल्यात.

त्यांच्याखाली नत्थुजी नावाचे पहारेकरी उभे होते. जवळच्याच गावचे आहेत, पान खातात. मी विचारलं, याचा अर्थ काय?

"अर्थ मले मालूम नाई. वरतं इतक्या खुर्च्या, अन खाली बसाले एक नाई. ड्युटीभर उभा रायतो मी. पह्यले इथं कोयसा जळे तं उजेड पडे. आता काय जळून राह्यलं ते समजत नाई, पन बिल येते."

या माणसाला सदर द्यायला हवं.

आतली सगळी मांडामांड आचल नावाची मुलगी पाहते. हुद्दा क्युरेटर. अकोल्याची, जुन्या शहरातली, पण शिकली इंग्लंडात. त्यामुळे मराठी बोलते तेव्हा वाक्याच्या मधोमध तिची गाडी रूळ बदलते. मुलगी मनापासून काम करणारी आहे, हे मला जरा गैरसोयीचं वाटलं. रागिणीनं डबे मांडले आणि आचलनं त्यांच्यापुढे पितळी खांब लावून लाल दोरी बांधली. पाटी: "कृपया कलाकृतींना हात लावू नये."

"पण ते वाजवायचे आहेत," रागिणी म्हणाली.

"मॅम, आय नो, पण इन्शुरन्सवाले ऐकत नाहीत. आणि लोक टच करायला लागले की मग... म्हणजे बाकीच्या आर्टिस्टनाही तोच रूल आहे."

"वाजवले नाहीत तर ते नुसते डबे."

"लोक इमॅजिन करतील ना मॅम."

रागिणीनं हातातला डबा फळीवर ठेवला. ती वाद घालत नाही. घरात वाद घालायचं खातं माझ्याकडे आहे.

मग आचलनं क्वार्टर दाखवलं. नुकताच चुना मारलेल्या दोन खोल्या, मागं कडुनिंब. रागिणीनं नळ सोडून पाहिला, पाणी आलं. खिडकी उघडली, लावली, परत उघडली. स्वयंपाकाच्या ओट्याची लांबी वितीनं मोजली. नंतर बराच वेळ दुसऱ्या खोलीत नुसती उभी होती. तिथं बघण्यासारखं काहीही नव्हतं. कलाकारांचं हेच मला कळत नाही. मी बाहेरून हाक मारली की बस चुकेल.

२३ सप्टेंबर

संपादक खुशालरावांचा फोन. पावरहाउस पाच तारखेला उघडतंय, त्यानंतरच्या बुधवारी त्यावर सदर हवं. "घरचा माणूस आत आहे म्हणून सोडू नका हो. उलट जरा तिखट होऊ द्या. लोक म्हणतील, सहदेवराव कोणाला सोडत नाहीत."

मी म्हटलं, माझी भूमिका तटस्थ आहे. ते म्हणाले, "मंग झालंच."

५ ऑक्टोबर, रविवार

आज उद्घाटन होतं. सविस्तर लिहायला हवं, कारण उद्या सदर याच्यातूनच काढायचंय.

सकाळी फीत कापणं, दिवा, भाषणं. ट्रस्टच्या अध्यक्षांनी "अंधारातून प्रकाशाकडे" हे शब्द किती वेळा म्हटले ते नत्थुजी बोटांवर मोजत होते. एका हाताची बोटं संपल्यावर त्यांनी नाद सोडला. निवड करणारी कमिटी पहिल्या रांगेत होती. एका वर्षाचं क्वार्टर कोणाला ते हीच मंडळी दिवाळीआधी ठरवणार. रागिणी निळ्या साडीत होती. ती साडी मी पूर्वी पाहिली नव्हती, किंवा पाहिली असेल.

अकराच्या सुमारास वलगावहून छोटा हत्ती टेम्पो आला. त्यातून सासूबाई, सुंदराबाई आणि डबे भरलेल्या बाकी सगळ्या बाया उतरल्या. दसऱ्याचा झेंडू विकून मोकळ्या झालेल्या, बोटं अजून पिवळी. बॉयलरच्या खोलीशी आल्यावर त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. आत दिवा मंद, समोर दोरी, दोरीपलीकडे ओळीनं चकचकीत भांडी. चपला काढायला याहून काय लागतं? त्यांचं बघून मागच्या दोन कमिटी मेंबरांनीही बूट काढले.

क्षणभर सगळ्या पाहत राहिल्या. मग सुंदराबाई म्हणाली, "दोरी कायले बांधली व? डबे पळून जातेत काय?"

उद्या कोजागरी. भुलाबाईचा महिना संपत आलेला. समोर झाकणाचे डबे. आता यात या बायांची काय चूक? सासूबाईंनी लाल दोरी वर उचलली, खालून गेल्या, पहिला डबा घेतला आणि कानाशी नेऊन वाजवला. खुळखुळ आवाज आला. त्या उंच खोलीत तो चांगलाच घुमला.

"गोड का तिखट?" एकीनं लगेच विचारलं.

पुढचं पाहता पाहता झालं. सगळ्या आत. डबे हातोहात फिरू लागले. शेंगदाने. नाई, फुटाने. बांगड्या असतीन. नत्थुजी "ओ बाई, ओ माय" करत एकीकडून दुसरीकडे धावत होते, पण एक डबा त्यांच्याही हातात आला तेव्हा त्यांनी तो वाजवूनच फळीवर ठेवला.

आचल धावत आली. "प्लीज, आर्टवर्कला हात नका लावू ना."

"हात नाई लावन तं वाजन कसं?" सासूबाई म्हणाल्या. "तू अकोल्याचीच ना? कोनाची व तू?"

"जानरावांची. जुन्या शहरातल्या."

"मंग लहानपनी भुलाबाईत डबा नाई वाजवला कधी?"

आचल फळीवरच्या डब्यांकडे पाहू लागली. मला वाटतं, वाजवला असावा.

इथपर्यंत ठीक होतं. पण पहिल्या डब्यात काय ते कुणाला ओळखता येईना, आणि सुंदराबाईनं जाहीर केलं, "हरलो बाप्पा. उघडा आता." बाकीच्याही म्हणाल्या, हरलो, हरलो. आणि सगळ्या जणी रागिणीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डबा तिचा, म्हणजे घरची बाई ती. हरलो म्हटल्यावर तिनं उघडायचं असतं.

आचल तिच्या जवळ जाऊन हळूच म्हणाली, "मॅम, हे उघडलं तर तुमचं पीस संपलं. न उघडणं हेच काम आहे ना? कमिटी इथंच उभी आहे. क्वार्टरचं डिसिजन... प्लीज, तुम्ही त्यांना सांगा."

रागिणीनं आधी तिच्याकडे, मग बायांकडे पाहिलं. झाकणांना तिनं स्वतः मेण लावलं होतं. ती सुंदराबाईला म्हणाली, "टेम्पोची किल्ली आहे का कोणाकडं? मेण खरवडायला."

"मॅम."

"त्या हरलो म्हणाल्या ना," रागिणी म्हणाली. "नियम आहे."

पहिल्या डब्यात तिळाचे लाडू निघाले. ते वाटले गेले. अध्यक्षांच्या हातावरही एक पडला आणि कमिटीसमोर नाही कसं म्हणायचं म्हणून त्यांनी खाल्ला. दुसऱ्यात झेंडूचं बी. ते सासूबाईंचं, त्यांनीच ओळखलं नाही. एकात लेकराचे दुधाचे दात निघाले, तेव्हा हसणं थोडं थांबलं. एकात जुन्या शालूचा नुसता काठ. एकात कुलूप, किल्ली नाही. डबा उघडला की ज्या बाईचा असेल ती आपणहून गप्प होई, आणि मग बाकीच्याही पुढचं विचारत नसत.

शेवटी एक डबा राहिला, त्याचा आवाजच येईना. कापूस, एक म्हणाली. पीठ. हळद असंन. साखर असती तर सरसरली असती. सगळ्यांनी कानाला लावून पाहिला. मी मागं खांबाला टेकून उभा होतो. म्हटलं, "रिकामा असेल."

बाया हसल्या. रागिणी म्हणाली, "बरोबर. तुम्ही ओळखलं."

मग तिनं झाकण काढलं. आत काहीही नव्हतं. एवढ्या बायांना जमलं नाही आणि ओळखलं मीच, मजा वाटली. आता लिहिताना लक्षात येतंय, ती "बरोबर" म्हणाली ते उघडायच्या आधी. तिचाही अंदाज चांगला म्हणायचा.

"हे कोनाचं काम?" सासूबाई म्हणाल्या. "आपल्यात डबा रिकामा देत नाई. चिमूटभर साखर तरी टाकते बाई." कोणी कबूल होईना. माझा संशय सुंदराबाईवर. डबा परत मिळेल का हे आधीपासून तीच विचारत होती. सासूबाईंनी मात्र सुंदराबाईला काही विचारलं नाही. रागिणीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. काम मोडलं म्हणून असेल.

कमिटीवाले बूट शोधत बाहेर गेले. आचल फळीशी बसून झाकणं गोळा करत होती. डोळे लाल. मला तिची दया आली. सदरात तिचं नाव घालणार नाही.

६ ऑक्टोबर

कोजागरी. गच्चीवर दूध आटवलं, शेजारचे आले, गेले. मी म्हटलं, "कामाचं तर झालंच. आता ते क्वार्टर काही मिळत नाही."

"बघू," रागिणी म्हणाली.

"वाईट वाटून घेऊ नको."

"तुम्हाला वाटतंय का?"

मी म्हटलं, अर्थातच. दुपारी डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. रक्तदाब पुष्कळ उतरलाय, म्हणाले, असंच चालू ठेवा.

८ ऑक्टोबर, बुधवार

सदर छापून आलं. शीर्षक "कला खाऊन संपवली". एकंदरीत जमलंय. कांदा, टांगलेल्या खुर्च्या, अध्यक्षांच्या हातावरचा लाडू, सगळं बसलं. शेवटचा परिच्छेद असा:

"या भव्य पावरहाउसात एकच कलाकृती मला पूर्ण कळली. तो एक रिकामा डबा होता. आत काही नाही, हे निदान त्यानं कोणापासून लपवलं नाही. ज्यांना कला चाखायची असेल त्यांनी भुकेल्या पोटी जावं, आणि डबा घरून न्यावा."

खुशालरावांनी सकाळीच फोन केला, "कडक."

रागिणीनं चहा पिता पिता वाचलं. शेवटच्या परिच्छेदाशी थांबली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. मग घडी घालून पेपर माझ्याकडे सरकवला.

"चांगलं लिहिलंय."

ती नेहमी असंच म्हणते. कौतुकाच्या बाबतीत ती शब्द वाचवते. संध्याकाळी भाजीत मीठ होतं, साधं. 

१२ ऑक्टोबर, रविवार

नत्थुजींचा फोन. माझा नंबर त्यांनी पेपरच्या कचेरीतून मिळवला.

"साहेब, तुमी लिहून बसले, अन इथं माह्या पायाचं भुस्कट होऊन राह्यलं. डबा घरून आना मनून लिहिलं ना तुमी?"

"ती चेष्टा होती, नत्थुजी."

"बायाईले कोन सांगन? सकाळपासून लाइन हाय. चांदूर रेल्वेहून दोन गाड्या. अकोल्याच्या तं मोजूच नका. घरून डबे भरून आनून राह्यल्या, फळीवरचे वाजवून राह्यल्या, हरलो मनून राह्यल्या, उघडून राह्यल्या. अन जातानी आपला ठेवून जातेत. फळ्या पुरत नाई."

"भुलाबाई तर संपली."

"थे मी बी म्हनलं. एक म्हातारी म्हने, आमच्या मनातलं सरलं नाई अजून."

दोरीचं काय झालं, मी विचारलं. आचलबाईनंच सोडली, म्हणाले. आणि ती स्वतः काल डबा घेऊन आली होती, पण कोणी वाजवायच्या आत मागच्या फळीवर ठेवून गेली.

रागिणीला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे. मी परवा जाऊन आले." परवा मी एका सभेच्या अध्यक्षपदावर होतो, घरी कुलूप होतं का नव्हतं ते पाहिलं नव्हतं.

१७ ऑक्टोबर

वर्षभराचं क्वार्टर रागिणीला मिळालं. आचलनं तिला फोन केला आणि नंतर मलाही. "सर, थँक्यू. कमिटी आधी फार अपसेट होती. पण तुमचा पीस आला आणि लोक यायला लागले ना... तुम्ही इतकं लविंगली लिहिलंत मॅमच्या कामाबद्दल. त्या रिकाम्या डब्याचं तर, सर, मी रडले."

टीका समजण्याची कुवतच या पिढीत उरली नाही.

रागिणीचं अभिनंदन केलं. पेढे आणले. तिनं एक घेतला आणि बाकीचे वलगावला पाठवले.

२४ ऑक्टोबर

काल भाऊबीज झाली, आज सामान हललं. फार नव्हतं. रंग, तीन साड्या आणि ती निळी, पाट्यासारखा एक दगड, शाळेत निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ. मी म्हटलं, दगड कशाला? म्हणाली, बसायला.

तिनं मला कुकरच्या शिट्ट्या, गॅसचा खटका, दूधवाल्याची वेळ समजावून सांगितली. सांगताना अजिबात घाई केली नाही. शाळेत पोरांना केळं आणि पेला काढायला शिकवताना असंच सांगत असणार. मी विचारलं, "रविवारी येशील ना?"

"तुम्ही या की. बघायला."

"पाहिलंय मी सगळं. कांदाही."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी माझ्या विनोदाला हसली, म्हणून मी आणखी एक केला: "आणि त्या सुंदराबाईला सांग, पुढच्या खेपेला चिमूटभर साखर घालत जा म्हणावं."

तिनं दारातून वळून पाहिलं. "सांगते," म्हणाली.

१६ नोव्हेंबर, रविवार

पावरहाउसला गेलो. सकाळी उठल्यावर ठरलं. खास असं काम नव्हतं. थंडी पडायला लागलीय, तिचं स्वेटर कपाटात दिसलं, ते घेतलं. तिकीट काढावं लागलं. खिडकीवरचा मुलगा नवा होता, त्याला सदर माहीत नव्हतं.

बॉयलरच्या खोलीत आता फळ्या चारी भिंतींना गेल्यात. डबे छतापर्यंत नाहीत, पण त्या दिशेनं निघालेत. पितळी, ॲल्युमिनियमचे, बेबी पावडरचे, एक तर पाच किलो डालड्याचा. दहाबारा बाया वाजवत होत्या. आवाज काहीसा पावसाळी पत्र्यासारखा. मी एकही वाजवला नाही. लेखकानं लांबून पाहावं.

रागिणी क्वार्टरच्या ओसरीत त्या दगडावर बसली होती, भोवती चारपाच बाया, मध्ये डब्यांचा ढीग. हातावर निळा रंग कोपरापर्यंत. केस कापलेत. चांगले दिसतात की वाईट ते मला ठरवता आलं नाही. तिचे केस मी त्या दृष्टीनं पाहिले नव्हते. तिनं चहा केला. ओट्यापाशी तिचा हात न बघता साखरेवर, न बघता गाळणीवर जात होता. आमच्या घरातही तसाच जायचा बहुधा.

"जेवणाचं काय करता?" तिनं विचारलं.

"मेस लावली. मीठ जास्त असतं."

"सांगा त्यांना."

"वाद नको म्हणालेत डॉक्टर."

बायांपैकी एक, मूर्तिजापूरची असावी, माझ्याकडे पाहून तिला म्हणाली, "हे कोन व ताई?"

"हे सहदेवराव," रागिणी म्हणाली. "पेपरात लिहितात. अमरावतीहून आले."

त्यात चुकीचं काही नव्हतं. मी नमस्कार केला. त्या बाईनं पदर सावरून नमस्कार केला, जसा आल्यागेल्या मोठ्या माणसाला करतात.

मग सहाचा भोंगा झाला. पूर्वी पाळी सुटायची तेव्हा वाजायचा तोच, आता संग्रहालय बंद करायला वाजवतात. छातीत घुसणारा आवाज आहे. नत्थुजी आवारभर फिरत लोकांना फाटकाकडे काढत होते. ओसरीशी आले, मला पाहिलं, जरा घोटाळले.

"साहेब, पाहुन्याईले बाहेर काढा लागते," ते म्हणाले. "आतले तेवढे रायतेत."

मी रागिणीकडे पाहिलं. ती काहीतरी म्हणेल असं मला का वाटलं कोण जाणे. तिनं स्वेटर घडी करून मांडीवर घेतलं होतं. म्हणाली, "सावकाश जा. सातची बस मिळेल."

फाटकापाशी माणसांची गर्दी होती. सगळे पाहुणे एकदम बाहेर निघालो, मग नत्थुजींनी आतून कडी घातली. ओसरीवरचा दिवा लागलेला दिसला, आतल्या बाया कशाला तरी हसत होत्या.

भोंग्यावर उत्तम सदर होईल. पाळी सुटलेले कामगार आणि पाळी सुटलेले रसिक, अशी तुलना. विषय हाताशी आहे, बुधवारला अजून वेळ आहे. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पहिलं वाक्य सुचलं की बाकीचं मागून आपोआप येतं, माझं नेहमीचंच आहे. मूर्तिजापूर गेलं. बडनेरा आलं. सुचलं नाही.